तांबड्याच्या गळ्यातला जोड

तिसरा ड्रॅगन पट्टा सोडून पळाला त्या दिवसापासून आमच्या कारखान्यात कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना. सगळे एकमेकांच्या हातांकडे बघायला लागले. आम्ही सात माणसं, म्हणजे चौदा हात. त्यातले कुठले तरी दोन दगाबाजी करत होते, आणि ते कुठले हे शोधायला सरदारानं वरून एक माणूस पाठवला होता.

हा माणूस किडकिडीत, हळू बोलणारा. खिशात कायम एक घडीची पट्टी. पहिल्याच दिवशी त्यानं दाराची उंची मोजली, टेबलांमधलं अंतर मोजलं, आमच्या सुयासुद्धा मोजल्या. फुंकणीनं लगेच त्याचं नाव मोजपट्टी ठेवून टाकलं. फुंकणी म्हणजे माझ्या शेजारी बसून शिवते ती. हिच्या कानात सकाळी पडलेली गोष्ट दुपारपर्यंत कारखानाभर पेटलेली असते. मोजपट्टी कधी आवाज चढवायचा नाही. डबा घेऊन आमच्यातच जेवायला बसायचा, सगळ्यांना "तुम्ही" म्हणायचा, भाजी कुणी केली विचारायचा. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

आमचं काम ड्रॅगनच्या गळ्यातले पट्टे शिवायचं. सरदाराकडे चाळीसेक ड्रॅगन होते, सगळे पिल्लं असताना डोंगरातल्या घरट्यांतून उचलून आणलेले. पिल्लाला आणलं की पहिल्याच दिवशी पट्टा. वाढलं की मोठा पट्टा. तीन कातडी एकावर एक, आतून जबड्याखाली येतील असे लोखंडी खिळे. स्वारानं साखळी ओढली की खिळे रुततात आणि डोंगराएवढं जनावर मुकाट वळतं. पट्टा आहे तोवर ते सरदाराचं. असेच त्यानं एकेक शहर घेतलं. आम्ही ती शहरं पाहिली नाहीत. दुरुस्तीला आलेल्या पट्ट्यांवर काजळी असायची, ती आम्ही ओल्या फडक्यानं पुसायचो आणि कामाला लागायचो.

पट्ट्याचा जीव असतो शेवटच्या जोडात. पट्टा कारखान्यात तयार होतो, पण त्याची दोन टोकं शिवायची ती मागच्या अंगणात, जनावराच्या गळ्यातच. जनावर साखळदंडांनी आडवं बांधलेलं असतं. नवा पट्टा जोडून झाल्याशिवाय जुना काढायचा नाही, हा नियम. मान एक क्षणही मोकळी राहता कामा नये.

पळालेल्या तिघांचे पट्टे सापडले होते. तिन्ही जोडातच सुटलेले. गंमत अशी की एक जोड भाऊजींनी शिवला होता, एक फुंकणीनं, आणि एक मी. भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर, कारखान्याचे मिस्त्री. प्रत्येकाचा टाका वेगळा असतो, आंधळ्यालाही हातानं कळेल इतका. त्यामुळे मोजपट्टी चक्रावला होता. तीन वेगवेगळे हात, आणि तिन्ही जोड वीसेक दिवसांतच गेले. धागा बघावा तर जोड एकदा उघडला की ड्रॅगनच्या अंगाच्या उष्णतेनं चांगला धागाही काळा पडून चुरतो, त्यावरून काही कळेना.

"महिनाअखेरपर्यंत मला एक नाव द्या," तो जेवता जेवता म्हणाला. "नाहीतर मला सात लिहावी लागतील."

कारण तिसरा ड्रॅगन खुद्द सरदाराचा होता. सरदार त्या वेळी पाठीवर नव्हता, तंबूत जेवत होता, म्हणून आम्ही अजून जिवंत होतो.

मला कुणाचा संशय होता? खरं सांगायचं तर सगळ्यांचा. फुंकणी अचानक गप्प गप्प असायची, आणि तिचं गप्प राहणं म्हणजे काहीतरी गडबड असणारच. भाऊजी हल्ली टेबलाचा खण कुलूपबंद ठेवायला लागले होते आणि कुणी जवळ गेलं की दचकायचे. एकदा किल्ली राहिली, तेव्हा मी हळूच खण उघडला. आत चष्मा. डोळे अधू झालेल्याला जोड शिवू देत नाहीत, म्हणून बिचारा चोरून चष्मा लावत होता. मी खण लावला, पण मनातली पाल काही गप्प बसेना. ज्यानं चष्मा लपवला तो आणखी काय लपवत असेल, असं वाटायला लागलं. संशय एकदा घरात शिरला की चपलासुद्धा न काढता सगळीकडे फिरतो.

माझा जीव टांगणीला लागला होता तो मात्र फाशीपेक्षा वेगळ्याच गोष्टीनं. माझा नवरा सरदाराच्या फौजेत स्वार होता. आजवर तो म्हातारीवर बसायचा. म्हातारी म्हणजे फौजेतली सगळ्यात जुनी मादी, संथ, फक्त पाण्याच्या टाक्या आणि पोती वाहणारी. त्यामुळे घरी आम्ही निर्धास्त होतो. पाच दिवसांपूर्वी त्याचं पत्र आलं. तांबड्याचा स्वार आजारी पडला, आता तांबडा माझ्याकडे दिलाय, असं लिहिलं होतं. तांबडा हा फौजेतला सगळ्यात आडदांड. शहराच्या वेशीवर आधी त्यालाच सोडतात. पुढे लिहिलं होतं, "आईला यातलं काही सांगू नकोस. ती जीव काढेल."

सासूबाईंची नजर गेलेली, त्यामुळे पत्रं मीच वाचून दाखवायची. त्या दिवशीही दाखवलं. जेवण बरं मिळतं, पाय दुखायचा थांबला, म्हातारी मजेत आहे. तांबड्याची ओळ मी गिळून टाकली. त्या हसून म्हणाल्या, "म्हातारी गुणाची आहे गं. माझं लेकरू सांभाळते."

तांबड्याचा नवा जोड मीच शिवला होता, पत्र येण्याच्या बारा दिवस आधी. माझ्याच हातचा एक जोड आधी सुटला होता. मी रोज मनातल्या मनात तांबड्याचा टाका न् टाका पुन्हा शिवून बघायचे. कुठे चूक सापडायची नाही.

तांबड्याच्या जोडाला सतरा दिवस झाले त्या सकाळी मी काजळ्या नावाच्या ड्रॅगनच्या पट्ट्याची टोकं जोडासाठी तयार करायला घेतली. सासूबाई नेहमीप्रमाणे खिडकीशी बसल्या होत्या. एके काळी त्यांच्यासारखा टाका कुणाचा नव्हता. नजर गेल्यापासून त्या धाग्याला मेण लावायच्या आणि ज्याला हवा त्याला काढून द्यायच्या. "आज कुणाचा गं?" त्यांनी विचारलं. "काजळ्याचा," मी म्हणाले. त्यांनी मांडीवरची एक लडी बाजूला केली, दुसरी दिली.

सुईत ओवण्याआधी धाग्याचं टोक आम्ही ओठांत ओलं करतो. सगळेच करतात, कुणी शिकवावं लागत नाही. मी टोक ओठांत धरलं आणि जीभ आखडली. आंबट. कातडं मऊ करायला हौदात जे पाणी असतं, त्याची चव. लहानपणी एकदा त्या हौदात बोट बुडवून चाटलं होतं, ती चव जन्मात विसरायची नाही. त्या पाण्यात कातडं दोन महिने ठेवलं तर हातानं फाटतं.

मी मान वर केली नाही. मोजपट्टी समोरच्या टेबलाशी फुंकणीची आरी उलटसुलट करून बघत होता. मी धागा ओवला, चार टाके घातले आणि उरलेली लडी झग्याच्या खिशात घातली. मग पाणी प्यायच्या निमित्तानं उठले.

तीन वेगळे हात, पण धागा एकाच मांडीवरून आलेला.

दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला बाहेर गेले तशी मी धाग्याच्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं. सासूबाई मेणाच्या वड्या चाचपून रचत होत्या.

"आई, धागा आंबट आहे."

त्यांचे हात थांबले. दुसरी कुणी असती तर कानांवर हात ठेवले असते. त्यांनी फक्त विचारलं, "टोकाला लागलं?"

"हो."

"टोकं मी बाहेर ठेवते बुडवताना. दिसत नाही ना आता. ही लडी निसटली वाटतं." जणू भाजीत मीठ जास्त पडलं होतं.

मला राग अनावर झाला. "तुम्ही? सात माणसं फासावर जायची पाळी आली, तुमचा थोरला मुलगा रोज चौकशीला उभा राहतो, आणि तुम्ही इथे बसून…"

"हळू बोल." त्यांनी माझं मनगट धरलं. "तुला ठाऊक आहे माझं माहेर कुठलं होतं?"

गावाचं नाव ठाऊक होतं. आता तिथे काही नाही, एवढंच मला माहीत होतं.

"तीन भाऊ, दोन भावजया, त्यांची पोरं. मला कुणी सांगायला आलं नाही. पट्टा आला इथे दुरुस्तीला. मी काजळी पुसत होते, तेव्हा पट्टा आणणारा कौतुकानं सांगत होता कुठल्या गावचं काय काय जळलं ते. आणि तो पट्टा माझ्याच टाक्याचा होता गं. मी बोटांनी ओळखला. त्या जनावराला पहिला पट्टा मीच घातला होता. वासराएवढं पिल्लू होतं. रात्रंदिवस ओरडायचं. मी म्हटलं होतं, होईल सवय."

मला त्यांची दया आली, आणि तरी राग जाईना. "आणि स्वार? दुसरा ड्रॅगन सुटला तेव्हा वर माणूस होता."

"त्याची आई रोज रात्री स्वप्नात येऊन बसते माझ्या उशाशी. मी तिला काय सांगू?" त्यांनी तोंड फिरवलं. "म्हातारीच्या धाग्याला मात्र मी कधी हात लावला नाही. माझं लेकरू बसतं तिच्यावर. मी काही देवमाणूस नाही."

मी भिंतीला टेकले. विचारायची हिंमत होत नव्हती, पण विचारलं. "तांबड्याला कुठला धागा दिला होता?"

"तांबड्याला? हाच."

"आई, ते आता तांबड्यावर असतात. पाच दिवस झाले पत्र येऊन. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."

मेणाची एक वडी हातात होती, ती त्यांनी इतकी दाबली की बोटांच्या खुणा उठल्या. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले जोडाला?"

"आज सतरावा."

"मी सांगते त्याला जाऊन. मोजपट्टीला. मी केलं म्हणते."

"तुम्ही सांगाल, मग तो तुम्हाला धरेल, मग प्रश्न विचारेल, मग वर लिहील, मग उत्तर येईल. तोवर वीस दिवस होतील." मला स्वतःचंच नवल वाटलं, डोकं इतकं चाललं कसं. "तुम्ही गप्प बसा. मी अंगुस्तान ठेवते."

अंगुस्तान ठेवणं ही आमच्या कामातली जुनी रीत. आपल्याच जोडात चूक राहिली असं कुणाला आठवलं, तर सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून मिस्त्रीच्या टेबलावर ठेवायचं. मग त्याच दिवशी निरोप जातो आणि जनावर जिथे असेल तिथून परत आणतात. कुणी का, कसं विचारत नाही. फक्त त्या माणसानं तो एक जोड दुरुस्त करायचा आणि परत आयुष्यात सुई धरायची नाही. माझ्या डोळ्यांदेखत असं एकदाच झालं होतं. ती बाई नंतर वेशीवर झाडू मारायची.

मी जाऊन भाऊजींच्या टेबलावर अंगुस्तान ठेवलं. "तांबड्याची शेवटची गाठ दोनदा मारायची, मी एकदाच मारलीय. आत्ता आठवलं."

भाऊजी माझ्याकडे बघतच राहिले. "नक्की?"

"नक्की."

मोजपट्टी केव्हा मागे येऊन उभा राहिला कळलंच नाही. त्यानं अंगुस्तान उचललं, आत बोट घालून बघितलं. "सतरा दिवसांनी आठवलं?" तो गोड आवाजात म्हणाला. "तांबड्याचा स्वार बदललाय, हे तुम्हाला कधी कळलं, बाई?"

"पाच दिवसांपूर्वी. त्यांनी पत्रात लिहिलंय. पत्र हवं तर आणून देते."

"आणा. आणि दुसरा कुणी वर बसला असता, तर ही गाठ आठवली असती का?"

मी पत्र आणायला वळले. खोटं काय बोलणार, आणि खरं तर बोलायची सोयच नव्हती.

तांबडा यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस घरात चूल पेटली, पण कुणी जेवलं नाही. एकोणिसाव्या दिवशी सकाळी आकाशात तो दिसला तेव्हा सासूबाई अंगणात माझा दंड धरून उभ्या होत्या. "नीट उडतोय का गं? मान सरळ आहे का?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. तो उतरला, माझा नवरा पाठीवरून घसरून खाली आला, त्याचे पाय जमिनीला लागले, आणि मी भर अंगणात सगळ्यांसमोर रडले. तो गोंधळून म्हणाला, "अगं, एका गाठीसाठी एवढं?"

साखळदंड बांधले. मी तांबड्याच्या गळ्याशी बसले, सासूबाई शेजारी पाटावर मांडीत लड्या घेऊन. मोजपट्टी आमच्या डोक्यावर उभा. नवरा पाच पावलांवर.

जुन्या पट्ट्याच्या वर मी नवा पट्टा ओढून घेतला, जुन्याच्या गाठीवर वाकले आणि आरीच्या एका झटक्यानं नुसती ती गाठ उसवून धागा खिशात टाकला; बाकीचा जोड अजून तसाच होता.

"थांबा. गाठ बघायची होती मला," मोजपट्टी म्हणाला.

"आधी सांगायचं ना साहेब, सुटली."

"मग धागा द्या त्यातला."

मी खिशात हात घातला आणि त्याच्याऐवजी दुसराच धागा काढून त्याला दिला. काल चांगल्या धाग्याचा तुकडा चुलीवर काळा करून ठेवला होता. त्यानं दोन्ही हातांत धरून ओढला. तुटला नाही. त्याचा चेहरा पडला. मी जुन्या जोडाला बोट लावलं तर खरा धागा आत पिठासारखा झाला होता. आणखी एक दिवस, फार तर दोन. खाली तांबड्याचा डोळा होता, माझ्या तळहाताहून मोठा, आणि तो माझ्याकडे बघत होता. इतकी वर्षं मी जोड शिवले, त्या डोळ्यांकडे कधी बघितलं नव्हतं. आम्हाला शिकवलेलंच नव्हतं ते. खिळ्यांच्या जागी कातडीला घट्टे पडले होते.

सासूबाईंनी धागा पुढे केला. मी टोक ओठांत धरलं. नुसतं मेण. चांगला धागा. मी सुई ओवली.

"नीट शिवा बाई," मोजपट्टी म्हणाला. आता तो माझ्या नवऱ्याकडे वळला होता. "आणि तुम्ही सामान काढून घ्या. परत म्हातारीवर जायचंय तुम्हाला. वरून हुकूम आलाय. सरदारांचा ड्रॅगन गेला, आता त्यांना तांबडा हवाय. पुढच्या महिन्यात समुद्राकाठच्या शहरावर ते स्वतः तांबड्यावर बसून जाणार आहेत."

नवऱ्यानं सुटकेचा श्वास टाकला तो मला ऐकू आला. सासूबाईंनी हात पुढे केला.

"दे तो धागा," त्या म्हणाल्या. "मेण कमी लागलंय त्याला. माझ्या हातांना कळतंय. दुसरा देते."

मी सुईतून धागा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मांडीखाली सारला, झग्याच्या आतल्या खिशातून एक लडी काढली, टोक चाचपून शोधलं आणि माझ्या हातात ठेवलं.

मोजपट्टी खाली वाकून माझ्या तोंडाकडे बघत होता. आता हात बघायचे सोडून तोंड बघायला लागला होता तो. मी टोक ओठांत धरलं.

जीभ आखडली. मी थुंकी गिळली.

"कसा आहे धागा?" त्यानं विचारलं.

त्या क्षणी मला कसलीच भीती वाटली नाही, हे मला आजही खरं वाटत नाही. सासूबाईंचे डोळे माझ्या रोखानं होते, काही न दिसणारे.

"चांगला आहे," मी म्हणाले आणि माझा शेवटचा जोड शिवायला घेतला. गाठ मी दोनदा मारली.